जागेचा मालक शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

एखाद्या मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवून ‘ही जागा कुणाची?’ असं विचारणं वरवर निरुपद्रवी वाटतं. कोकणात तरी ते तसं नाही. तरीही ज्यांना विचारल्यावाचून राहवत नाही अशा जिज्ञासूंसाठी पुढील नियम सिद्ध केले आहेत. त्यांचा मुख्य आधार म्हणजे आमचे बापूकाका. सड्यावर उभं राहून नजर पोचेल तेवढी जमीन ‘मूळची आपली’, हा त्यांचा सिद्धान्त. ती आजोबांच्या भोळेपणामुळे गेली, हा उपसिद्धान्त.

नियम पहिला : गावात विचारू नये. पहिला माणूस सांगेल, “नाव त्यांचं आहे, पण वहिवाट आमची.” दुसरा सांगेल, “वहिवाट त्यांची, पण नाव आमचं.” दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि पंचाईत आहे ती हीच. तिसरा काहीच सांगत नाही, नुसतं ‘कशाला चौकशी?’ म्हणतो. संध्याकाळपर्यंत गावभर होतं की मुंबईची पार्टी आली आहे, आणि भाव चढतो.

नियम दुसरा : नंबर मिळवावा. जमिनीला सरकारदरबारी नाव नसतं, नंबर असतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर. एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत गट नंबर. तिथे जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर असतो, तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घालून घ्यावा. नाहीतर भलत्याच माणसाच्या जमिनीवर महिनाभर अभ्यास होतो. बापूकाकांना नंबर विचारून उपयोग नाही. ते ‘भरडातला तुकडा’, ‘वहाळापलीकडचं’, ‘त्या मोडक्या गडग्याच्या खालचं’ असं सांगतात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना छापलेला असतो. तो बहुधा कोरा असतो. तो भरायला बापूकाकांसारखा माणूस हवा, आणि बापूकाकांना चावडीत कोणी फार वेळ बसू देत नाही.

जागा गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. तिथे नगर भूमापन झालं असल्यास मालमत्ता पत्रक पाहावं. घरपट्टीची पावती दाखवून ‘हा घ्या पुरावा’ म्हणणारे भेटतील. त्यांना बसायला सांगून चहा द्यावा. पावतीवरून पट्टी कोण भरतो ते कळतं, एवढंच.

नियम तिसरा : सातबारा काढावा, आणि काढल्यावर वाचावा. काढणं सोपं झालं आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट दिसतो, फक्त कायदेशीर कामाला चालत नाही. कामाला चालणारा, डिजिटल सही असलेला, पंधरा रुपयांत मिळतो. वाचणं मात्र अवघडच राहिलं आहे. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे माणसं. खालचा बारा, म्हणजे पिकं. आमच्याकडे खाली ‘गवत’ आणि वर भाऊबंद, दोन्हींची वाढ सारखीच. नावाभोवती कंस दिसला की त्या माणसाचा हक्क उताऱ्यावरून गेला असं समजावं. नव्या नमुन्यात कंसावर आडवी रेघही मारतात, म्हणजे शंका नको.

आता संक्षेप. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लावलं, जमीन सगळ्यांची. पुढे कधीतरी उतारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरं गळतात, आणि धाकट्या भावांची अख्खी पिढी शाईच्या काटकसरीत नाहीशी होते. थोरल्याच्या नातवाला विचारलं तर तो शपथेवर सांगतो की आजोबा मॅनेजर नव्हते, मालकच होते. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असताना आईचं किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागतं आणि काढायचं राहून जातं. आमच्या उताऱ्यावर एक अज्ञान बालक आहे. त्याला मधुमेह आहे आणि दोन नातवंडं आहेत.

‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर पाकीट खिशात परत ठेवावं. ती जमीन विकायला सरकारी परवानगी लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना सगळ्यात शेवटी वाचतात, तो सगळ्यात आधी वाचावा. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, सगळं तिथे दडलेलं असतं. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कुळ कायद्याने कसणाऱ्या कुळांना मालक मानलं. त्या दिवसावरून आजही आमच्या ओटीवर भांडण पेटतं.

नियम चौथा : फेरफार वाचावेत. नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा. नाव कुठून आलं, कुणाच्या मृत्यूने, विक्रीने की वाटपाने, ते गाव नमुना सहामध्ये सापडतं. एकेक फेरफार मागे जात राहावं. प्रत्येक नोंदीआधी नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नोटीस चावडीवर लागते. हरकत घेऊ शकणारा चुलतभाऊ डोंबिवलीत असतो.

इथे मला थोडं विडंबन बाजूला ठेवून कुरकुर करायची आहे. वारसाचे फेरफार वाचताना आत्यांची नावं शोधा. कित्येक नोंदींत बहिणी नसतातच, जणू आजोबांना फक्त मुलगे झाले. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. म्हणून आता आत्यांना मे महिन्यात आग्रहाचं बोलावणं येतं, आंब्याची पेटी मिळते, आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे येतं. ते नोंदणीकृत असावं लागतं, एवढी तांत्रिक माहिती घरात प्रत्येकाला तोंडपाठ असते.

नियम पाचवा : तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडूनच घ्यावा. दुय्यम निबंधकाकडची ‘सूची दोन’ ही नोंदलेल्या दस्तांची यादी स्वतः चाळण्याचा मोह होतो. चाळू नये.

एवढं करून हातात कागदांचा गठ्ठा येतो. मग कळतं की १९६६च्या जमीन महसूल संहितेनुसार या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या असतात, आणि न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, त्या सारा वसुलीसाठी आहेत. पुढचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा, म्हणजे पुढच्या पिढीचा.

घाई असेल त्यांच्यासाठी एक आडमार्ग आहे. त्या तुकड्यातल्या फणसाच्या एका फांदीवर कोयता घालावा. सरकारी संकेतस्थळाला जे जमलं नाही ते पाच मिनिटांत होतं. बंद घरांची दारं उघडतात, पुण्याहून फोन येतात, आणि फणस आपल्या आजीने लावला असं सांगणारे चार निरनिराळ्या आज्यांचे नातू बांधावर उभे राहतात. सगळ्यांची नावं लिहून घ्यावीत. यादी सातबाऱ्यापेक्षा अद्ययावत असते.

हीच मंडळी जमलेली असताना मोजणीचा विषय काढावा. हद्द कायम करायची तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, आणि अर्जासोबत फी. फी म्हटल्याबरोबर मालक पांगतात. कुणाला एसटी गाठायची असते, कुणाला आठवतं की आपण केवळ सहहिस्सेदार आहोत.

आमच्याकडे मागे राहिले ते बापूकाका. गडग्याचा कोणता दगड कधी कुणी सरकवला हे सांगणारा माणूस आता तोच एक आहे, त्यामुळे मोजणीदारालाही ते हवेच होते. त्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, आणि माझ्या हातात देताना बजावलं, “चलन माझ्या नावाने काढ. उद्या पुरावा लागेल.”