लाल पेन

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'डिअरेस्ट बिलव्हेड' म्हटलं ते 2002 साली, सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत, तासाला तीस रुपये मोजून. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि घरात माझा उल्लेख 'अहो, ऐकलंत का'च्या पुढे सरकला नव्हता. पत्र लिहिणारी बाई नायजेरियाचे दिवंगत लष्करशहा जनरल सानी अबाचा यांची विधवा होती. यजमान 1998 साली अचानक गेले, सरकार पैशांच्या मागे लागलंय, पण दोन कोटी डॉलर एका पेटीत सुखरूप आहेत आणि ते कोणा सज्जन माणसाच्या हवाली करायचे आहेत, असं तिचं म्हणणं. एवढ्या मोठ्या जगातून तिने सज्जन म्हणून नेमका मलाच शोधून काढला, याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. घरच्यांच्या हे अजून कसं लक्षात आलं नाही, याचं वाटलं.

पाच रुपये देऊन प्रिंट काढली आणि घरी आणली. बायकोने पहिली ओळ वाचून कागद अण्णांकडे सरकवला. अण्णांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझं लाल पेन आण."

पाऊण तास खोलीत शांतता होती. मग कागद परत आला तो रक्तबंबाळ होऊन. 'रिसीव्ह'मध्ये आय आणि ईची अदलाबदल झाली होती, 'द' हवा तिथे नव्हता आणि नको तिथे तीनदा होता, नवरा एका परिच्छेदात मेला होता आणि पुढच्या परिच्छेदात वर्तमानकाळात वावरत होता. खाली शेरा होता: दहापैकी अडीच. "ज्याला 'द' कुठे घालावा कळत नाही, त्याच्याकडे दोन कोटी डॉलर कुठून येणार?" अण्णा म्हणाले. "लक्षात ठेव, चोराचं व्याकरण कच्चंच असतं."

हे शुद्ध केलेलं पत्र त्यांना त्या बाईंना परत पाठवायचं होतं. असल्या मेलला उत्तर द्यायचं नसतं, असं मी परोपरीने सांगितलं.

"मग ती सुधारणार कशी?" अण्णांनी विचारलं.

पुढे काही वर्षं सोसायटीत हा गप्पांचा हुकमी विषय होता. बोलणाऱ्यांत एकही फसलेला नसे, सगळे फसता फसता न फसलेले. एक गृहस्थ प्रत्येक मेल 'सावधान' असं वर लिहून साऱ्या गावाला धाडत, त्यामुळे मूळ ठकापेक्षा त्यांचाच उपद्रव जास्त. एकाने म्हणे तीन आठवडे उलट उत्तरं देऊन बॅरिस्टर म्हणवणाऱ्या एका ठकाला रडकुंडीला आणलं होतं. हा छंद जगभर आहे. ब्रिटिश विनोदवीर जेम्स व्हीच यांनी तर अशा पत्रव्यवहारावर रंगमंच गाजवला. आणि एक निवृत्त काका होते, ते हळूच विचारत, "मला नाही हो येत असले मेल. का येत नसतील?" त्या प्रश्नातलं दुःख खरं होतं.

नायजेरियात या धंद्याला 'फोर वन नाइन' म्हणतात, तिथल्या फौजदारी कायद्याच्या 419व्या कलमावरून. आपलं 420. म्हणजे अगदी शेजारचं दार! आता 2024पासून भारतीय न्याय संहितेत आपल्या कलमाचा नंबर 318 झाला आहे, पण 'तू पक्का तीनशे अठरा आहेस' असं म्हणून अजून कोणाचं समाधान होताना दिसत नाही. 2005 साली या पत्रलेखकांना साहित्याचं इग नोबेल मिळालं. हसवून विचार करायला लावणाऱ्या कामगिरीचा हा पुरस्कार. बातमी वाचून दाखवली, तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कथानक आहे. पण काळ सांभाळता येत नाही."

त्या बिघडलेल्या काळाचा उलगडा 2012 साली झाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी एक साधा प्रश्न घेऊन शोधनिबंध लिहिला: नायजेरियाचं नाव एवढं बदनाम असताना हे ठक आपण नायजेरियाचे असं सांगतात कशाला? उत्तर असं, की लाखभर मेल पाठवायला खर्च येत नाही, खर्च येतो तो पुढे. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला आठवडेच्या आठवडे गोंजारावं लागतं, आणि त्यातला शहाणा ऐन पैसे भरायच्या वेळी पळाला की सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा पहिलंच पत्र इतकं अचाट लिहायचं, की शहाण्याने हसून तिथूनच फुटावं. मागे उरेल तोच आपला.

मी हे वाचून सुन्न झालो. इतकी वर्षं आम्ही स्वतःला तांदूळ समजत होतो, ठकाच्या सुपात आम्ही खडे होतो. आणि अण्णांनी शुद्ध केलेलं पत्र त्या बाईंनी खरोखर वापरलं असतं, तर शहाण्यांची उत्तरं येऊन येऊन धंदा बसला असता. अण्णांना मी हे सांगितलं नाही. चौतीस वर्षांची नोकरी होती.

हा धंदा काही इंटरनेटने आणला नाही. आधी चोर आणि मग पॅरिसचा पोलीस अधिकारी झालेल्या विदोकने 1830च्या दशकातच लिहून ठेवलंय, की तुरुंगातले कैदी पुरलेल्या खजिन्याची पत्रं पाठवायचे आणि शंभरातल्या विसांना उत्तर यायचं. शंभरात वीस! मराठी दिवाळी अंकाच्या संपादकालाही एवढी उत्तरं येत नाहीत. बरं, फसणारा अडाणीच असतो असंही नाही. ब्राझीलमधल्या बँको नोरोएस्टे या बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याने 1995 ते 1998 या काळात बँकेचे 24 कोटी 20 लाख डॉलर नायजेरियातल्या ठकांना दिले. कशासाठी? तर अबुजामध्ये होणाऱ्या विमानतळासाठी. विमानतळ नव्हताच. हे ऐकून मुंबईकर हसतात. पुणेकर हसत नाहीत, आम्हाला कागदावरच्या विमानतळांची सवय आहे.

आता माझं. गेल्या दिवाळीच्या आधी अण्णांसाठी मी ऑनलाइन एक भिंग मागवलं. त्यांना आता चष्म्यानेही नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मेल आला: पत्ता अपुरा असल्याने पार्सल परत गेलं, पुन्हा पाठवण्यासाठी पंचवीस रुपये भरा. मी सावध माणूस. मेल दोनदा वाचला. विधवा नव्हती, जनरल नव्हता, पेटी नव्हती, कोणी मला प्रियतम म्हणत नव्हतं. मुख्य म्हणजे सगळे 'द' जागच्या जागी होते. मी कार्डाचा नंबर भरला, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तोही भरला. त्या मेसेजात ओटीपीच्या शेजारीच रक्कम लिहिलेली होती, चौदा हजार आठशे पन्नास. पण मी वाचले ते फक्त ओटीपीचे सहा आकडे.

दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. ताबडतोब कळवलं, तर पैसे मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात, हे मला ठाऊक होतं. सोसायटीच्या सभेत मीच ते सांगितलं होतं. म्हणूनच तर बोलता येईना. शेवटी बायकोने बँकेचा हिशेब पाहिला आणि म्हणाली, "अहो, 1930ला फोन करा." अण्णांनी आतून विचारलं, "मिठाच्या सत्याग्रहाचं काय?"

सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. भिंग तिसऱ्या दिवशी बिनबोभाट आलं, पत्ता पुरेसा होता. अण्णांनी ते खोक्यातून काढलं आणि म्हणाले, "त्या मेलची प्रिंट आण. आणि लाल पेन."

भिंगाखाली एकेक ओळ धरून ते वाचत राहिले. पेन हवेतच. "'अनसक्सेसफुल' बघ," ते म्हणाले, "दोन सी, मग दोन एस, शेवटी एकच एल. माझ्या दहावीच्या वर्गात हे कधी एका दमात बरोबर आलं नाही." एका जागी स्वल्पविराम राहिला होता, तेवढा त्यांनी घातला. खाली लिहिलं: दहापैकी साडेनऊ.

बायकोने कागद हातात घेऊन तो आकडा पाहिला.

"आणि यांना किती?" तिने विचारलं.

अण्णांनी पेनला टोपण लावलं.