उंटाला काम द्या

डिसेंबर जवळ आला की उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये दोन नावं हमखास ऐकू येतात: जैसलमेरजवळचं सम आणि कच्छमधलं धोर्डो. बोरिवलीला सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या सकाळी जोधपूर, कच्छ एक्स्प्रेस पकडली की भुज. जरूर जा. मुलुंड-घाटकोपरमध्ये वाढलेल्या पोरांनी आकाशगंगा फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेली असते. आपल्या डोक्यावर रात्रभर नारिंगी उजेड असतो, त्यातून चार-दोन तारे दिसले तरी खूप झालं. वाळवंटातली एक काळोखी रात्र हा त्या पोरांचा हक्क आहे.

पण तिथे पोहोचून आपण करतो काय? समला रस्त्याच्या कडेने तंबूंच्या रांगा, जनरेटर, मधोमध स्टेज आणि छातीत धडधडणारे स्पीकर. संध्याकाळी उंटावर बसून टेकाडापर्यंत जायचं, सूर्यास्ताचा फोटो काढायचा, परत यायचं. पाऊण तासात उंट संपला. मग रात्री उशिरापर्यंत तीच गाणी, जी अंधेरीत लग्नाच्या हॉलमध्ये वाजतात. आणि पॅकेजच्या कागदावर पाहा, उंटाची फेरी बहुतेक ठिकाणी ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेली असते. ज्याच्यासाठी हजार किलोमीटर आलो तोच फुकटात धरलेला. त्या फुकटातला किती वाटा उंटवाल्याच्या हातात पडत असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

आणखी एक गोष्ट. सम आणि जैसलमेरजवळचंच खुरी यांच्या भोवती डेझर्ट नॅशनल पार्क पसरलेलं आहे. जगात माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक याच भागात. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं आणि आता तिथे तो पक्षी दिसणं मुश्कील झालं आहे. ते दुःख ठाऊक असलेल्या माणसांनी तरी उरलेल्या माळढोकांच्या दारात डीजे लावायची मागणी करू नये.

खरा उंटावरचा प्रवास वेगळा असतो, आणि तो आजही मिळतो. खुरीकडच्या गावांतून उंटवाले एका रात्रीसाठी, दोन रात्रींसाठी घेऊन जातात. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो; पलाणाला घट्ट धरायचं हे तिथेच शिकायला मिळतं. चाल ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतकीच. पहिल्या दोन तासांत मांड्या भरून येतात. मग उतरून उंटाबरोबर चालायचं. उंटवाला तसंच करतो. वाटेत उंट खेजडीच्या फांदीला तोंड घालतो, बोरीचा काटेरी पाला ओरबाडतो, आणि आपण थांबून बघतो. रात्री काटक्यांवर बाजरीची भाकरी, जाड गोधड्या, खाली वाळू. दुपारी तापलेली वाळू सूर्य गेल्यावर भराभर थंड होते, कारण कोरडी हवा ऊब धरून ठेवत नाही. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. उंटांचे पुढचे पाय सैलसर बांधून त्यांना चरायला सोडतात. सकाळी उंटवाला वाळूतले ठसे बघत त्यांना शोधून आणतो. आपल्या जनावराचा ठसा तो शंभर ठशांत ओळखतो. हे ज्ञान कुठल्याही पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं, पण पैसे मोजावेत ते त्यासाठी.

पैसे मोजावेत हा माझा मुख्य मुद्दा आहे. 1977 साली देशात सुमारे अकरा लाख उंट होते. 2012 च्या पशुगणनेत चार लाख राहिले, 2019 च्या गणनेत अडीच लाख. ट्रॅक्टर आला, जीप आली, चराऊ रानं कुंपणात गेली. उंटाचं काम गेलं आणि कामाबरोबर उंट गेला. राजस्थानने 2014 मध्ये त्याला राज्यपशू केलं आणि 2015 मध्ये कायदा केला: उंटाची कत्तल बंद, आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणंही बंद. हेतू प्रेमाचा होता, यात शंका नाही. पण नर उंट विकायचा तर बाहेरचं गिऱ्हाईक हवं, आणि तेच तुटलं. किमती कोसळल्या. पिढ्यानपिढ्या उंट पाळणाऱ्या रायकांच्या मुलांनी शहराची वाट धरली. रांजणात अडकलेलं वासराचं डोकं सोडवायला आलेला उंटावरचा शहाणा आपण लहानपणी ऐकला आहे. त्यानेही मदतच करायची म्हणून आधी दार पाडायला लावलं होतं आणि शेवटी वासराची मान कापायला.

हा शहाणपणा राजस्थानपुरता नाही. जानेवारी 2022 मध्ये कच्छचे पशुपालक 58 उंट घेऊन पायी येत होते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी ते अडवले. कत्तलीसाठी नेत असल्याची तक्रार होती, पाच माणसांवर गुन्हा दाखल झाला, उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत गेले. कच्छी रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात पिढ्यान् पिढ्या फिरतात, हे वर्धा-यवतमाळच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं; त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून तो खत घेतो. फेब्रुवारीत न्यायालयाने उंट मालकांना परत द्यायला सांगितलं. तोवर फिरून पाला ओरबाडणारं जनावर आठवडेच्या आठवडे आवारात उभं होतं. पुढच्याच वर्षी नाशकात पुन्हा शंभराहून अधिक उंट अडवले. काही पांजरपोळात दगावले, उरलेले राजस्थानात परत न्यावे लागले. दोन्ही वेळा तक्रार करणाऱ्यांना उंटाची कणव होती. तो कसा जगतो हे मात्र कोणी उंट पाळणाऱ्याला विचारलं नाही.

ज्या मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत उंटांचा उष्टरखाना होता, ज्याची डाक सांडणीस्वार दौडत न्यायचे, त्या राज्याला उंट दिसला की तो चोरीचाच वाटावा, याची मला लाज वाटते. दरवर्षी येणाऱ्या रबाऱ्यांच्या तांड्यांना आपल्या पशुसंवर्धन खात्याने सीमेवरच नोंद करून लेखी परवाना द्यावा. खर्च एका रजिस्टरचा आणि एका शिक्क्याचा आहे. मुलुंडमध्ये कच्छी वस्ती एवढी मोठी आहे. या मागणीसाठी मराठी आणि कच्छी शेजाऱ्यांनी एकत्र अर्ज केला तर तो आमदाराला बाजूला टाकता येणार नाही.

उंटाला काम हवं म्हणतो म्हणजे वाटेल ते काम नव्हे. अंधेरी-मालाडच्या गल्ल्यांतून संध्याकाळी मुलांना फिरवणारा उंट तुम्ही पाहिला असेल. त्याचा पाय रुंद, मऊ गादीचा, वाळूवर पसरण्यासाठी घडलेला. मे महिन्यात डांबरावर तो काय सोसत असेल? तिथे मुलांना बसवू नका. तेच पैसे उंटाच्या मुलखात खर्च करा. किंवा उंटिणीचं दूध विकत घ्या: 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मान्यता दिली, 2019 मध्ये अमूलने ते बाटलीतून बाजारात आणलं, आणि त्यामुळे कच्छच्या पशुपालकांना मादी उंट पाळण्याचं कारण मिळालं. कच्छमध्ये खाराई नावाचा उंट आहे, तो खाडी पोहून जातो आणि तिवरं खातो. गोराई आणि भांडुपच्या खाडीकाठी आपल्याकडे आहेत तीच. मिठागरांसाठी कच्छमधली तिवरं तोडली तेव्हा त्या उंटाचं ताटच गेलं.

तेव्हा या डिसेंबरचं बुकिंग करताना फोनवर विचारा: उंटावर किती तास, रात्री मुक्काम उघड्या वाळूवर की स्टेजसमोर, स्पीकर किती वाजता बंद होतो, आणि उंटाच्या मालकाला यातले किती पैसे मिळतात. शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका.