तांब्यातला कोन

घरगुती शिलाई मशीनवर खुंटी असते बोटभर रिळापुरती. आपण आणतो 5000 मीटरचा कोन, कारण मीटरमागे स्वस्त. या दूरदृष्टीचे कौतुक करावे तितके थोडे. कोन फिरत नाही, दोरा त्याच्या टोकावरून सरळ वर उचलला जावा लागतो. म्हणून कोन मशीनमागे तांब्यात, वर कपड्यांचा हँगर, हँगरला सेफ्टी पिन, पिनेतून दोरा सुईकडे. तयार स्टँड बाजारात मिळतो म्हणे. पण आयते घेण्यात स्वाभिमान कसला? पुढच्या टप्प्यात दोरा पंख्याच्या हुकातून यावा, घरच्यांनी उन्हाळा सोसावा, पाहुण्यांनी ओंजळीने पाणी प्यावे. एवढ्या उभारणीतून उशीचा एक अभ्रा तयार झाला आहे. कोन पोपटी आहे. त्या रंगाचे कापड कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.