पाव किलोवॅटचा पुरुषार्थ

उतारवयात विजेच्या साहाय्याने चालणारी सायकल घेणाऱ्या मनुष्याने गुडघ्यांचे आरोग्य, इंधनाची बचत, पर्यावरणाचे रक्षण अशी कितीही उदात्त कारणे पुढे केली, तरी सुज्ञ वाचकाने त्यांवर विश्वास ठेवू नये. कारण कात्रजच्या चढावर, तंग पोशाखातील तरुण सायकलपटूंना चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता मागे टाकावे, आणि ‘आजोबा, कमाल आहे!’ हे उद्गार किंचित मान लववून स्वीकारावेत, याहून अन्य हेतू निदान प्रस्तुत लेखकाच्या मनात नव्हता. बॅटरी सांगाड्याच्या नळीत दडलेली आणि मोटार मागच्या हबमध्ये. तेव्हा मौन पाळणे एवढेच कर्तव्य उरते.

या मौनाला कायद्याचेही पाठबळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये, जिच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटहून कमी आहे, जिचे साहाय्य घटत घटत ताशी २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबल्यास त्याआधीच, बंद होते, आणि जिचे बॅटरीविरहित वजन ६० किलोंपलीकडे जात नाही, ती सायकल मोटार वाहन गणली जात नाही. सबब तिला ना नोंदणी, ना परवाना. सरकारदप्तरी जिथे मोटारच नाही, तिथे चढ कोणी चढला? अर्थात अस्मादिकांनी! सपाटीवर मात्र त्याच तरुणांनी पंचविशी ओलांडली की मोटार अंग काढून घेते, आणि ते धूड व त्यावरील त्याहून जड अहंकार केवळ स्वतःच्या मांड्यांनी ओढावा लागतो.

परवान्यावरून आठवले. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या जुन्या पुण्यात बिल्ला नसलेली सायकल म्हणजे साक्षात फरारी इसम. डबलसीट जाणे हा अपराध, आणि रात्री दिव्याविना जाणे हा तर जवळजवळ राजद्रोह. रॉकेलचा तो दिवा वाऱ्याच्या पहिल्या झुळकीस विझे, आणि चौकातल्या अंधारातून प्रकट झालेल्या हवालदारापुढे जो तो एकच कैफियत मांडी की, दिवा आत्ताच विझला आहे, काच अद्याप गरम आहे, साहेबांनी हात लावून खातरजमा करावी. पुढे डायनॅमो आला; तो टायरला टेकला की सायकल जड होई, आणि आपण थांबलो की उजेडही थांबे. त्या काळी माझे पाय विजेला पोसत. आता वीज माझ्या पायांना पोसते. उशिराने का होईना, जुने देणे फिटत आहे, असे मी समजतो.

आमच्या गल्लीतील सायकल दुरुस्त करणारे गृहस्थ या तत्त्वज्ञानाने मुळीच विरघळत नाहीत. चाकाचा आउट काढता काढता ते म्हणतात, ‘‘काका, मोटारीचं राहू द्या, चेन बघा.’’ वजन आणि वेग दोन्ही अधिक असल्याने ब्रेकपॅड लवकर झिजतात, आणि मोटार माझ्यासारखी हबमध्ये नसून पायडलांपाशी असेल, तर पायांच्या जोडीला तिचा जोर आल्याने चेनही. म्हणून तेल, हवा आणि ब्रेक यांची तपासणी नियमित हवी, व धुताना पाण्याचा जोरदार फवारा मोटारीवर व वायरींच्या जोडांवर मारू नये. सिग्नलला उभे असताना पायडलवर ऐटीत पाय रेलणे हेही वर्ज्य. पायाचा भार ओळखणारा सेन्सर असल्यास सायकल मालकाची परवानगी न घेता पुढे झेपावते. तेव्हा थांबलो की बोटे ब्रेकच्या दांडीवर, आणि निघताना साहाय्य सर्वांत कमी. शिवाय मागून येणाऱ्या मोटारवाल्याला पांढऱ्या केसांच्या सायकलस्वाराकडून या वेगाची अपेक्षा नसते, हे ध्यानी ठेवावे.

येथे विनोद आवरता घेतो. आमच्या इमारतीत काही मंडळी बॅटरी जिन्याखाली चार्जिंगला लावून रात्री निर्धास्त झोपतात. लिथियम बॅटरी पेटली तर तिचा भडका आणि विषारी धूर क्षणार्धात पसरतो, आणि वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्याकोताऱ्यांना व लेकरांना उतरायला तो जिना हाच एक मार्ग आहे. सभेत हा मुद्दा मी काढला, तेव्हा विषयपत्रिकेत नसल्याच्या सबबीवर तो पुढे ढकलण्यात आला. आगीला विषयपत्रिका ठाऊक नसते, हे माझे उत्तर कार्यवृत्तात नोंदवले गेले नाही.

वाचकहो, चार्जर बॅटरीबरोबर मिळालेलाच वापरा, उन्हातून आणलेली बॅटरी आधी निवू द्या, फुगलेली वा आपटलेली असेल तर मोह सोडा, आणि दिवसा, आपण जागे असताना चार्ज करा. बाकी सल्ल्याची उपेक्षा केलीत तरी माझी तक्रार नाही. परंतु बॅटरी जिन्यात लावू नका.