गाणी मोठ्यानं लावा!

इंग्रजी सिनेमात गावावर हिंस्र प्राणी चालून येतात, थोरामोठ्यांची बोबडी वळते आणि शेवटी चार-पाच पोरंच गाव वाचवतात. जुन्नर-शिरूरकडची पोरं हा सिनेमा फुकटात जगतात. शेवट तेवढा अजून कुणी लिहिलेला नाही.

इथले बिबटे 'अचानक' आले, असं सांगायची पद्धत आहे. खरं तर कुकडीची धरणं झाली, कालवे आले, ऊस डोक्यावर गेला आणि त्यात बिबट्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मल्या. २००१च्या सुमारास हल्ले वाढले, पुढे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही झालं. तरी दर वेळी आश्चर्य आपलं ताजंच!

पोरांसाठी सूचना मात्र चोख. एकट्यानं फिरू नका, मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा. 'ठेव तो मोबाइल' म्हणून वर्षभर ज्यानं बोलणी खाल्ली, त्यानंच आता उसाच्या कडेनं दणदणीत गाणी वाजवत शाळेत जायचं. बिबट्या मान धरतो म्हणून शिरूरकडच्या पिंपरखेडला २०२५ साली गावकऱ्यांनी स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे चढवले. असले पट्टे एरवी मेंढपाळाच्या कुत्र्याला असतात.

रात्री तोच पोरगा बॅटरी घेऊन बापाबरोबर मोटार चालू करायला निघतो, कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. बिबट्याही रात्रीचाच. दोघांचं वेळापत्रक बहुधा एकाच टेबलावर मंजूर होत असावं. पिंजऱ्यात आमिष म्हणून बांधलेल्या शेळीला निदान मधे जाळी तरी असते.