येरवड्यात बसून महायुद्धातली जीप कशी घडवावी

‘येरवड्याला जाणे’ या मराठी वाक्प्रचाराला दोन पत्ते आहेत. एक मध्यवर्ती कारागृहाचा, दुसरा मनोरुग्णालयाचा. जुन्या मोटारींच्या धंद्यात दोन्ही पाठ हवेत. पहिला विकणाऱ्याला लागू पडतो आणि दुसरा, घरच्यांच्या मते, घेणाऱ्याला. शिवाय आळंदी रस्त्यावर फुलेनगरला आरटीओचं कार्यालय आहे, नदी ओलांडली की लष्कराची खडकी आहे, आणि फोटो काढायला नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस आहे. एवढ्या सोयी असूनही ज्याला हा धंदा जमत नाही, त्याने सरळ नोकरी करावी.

नवशिक्याने रोल्स-रॉइसला हात घालू नये. त्या कंपनीच्या जुन्या चासींच्या नोंदी इंग्लंडमध्ये जपून ठेवलेल्या आहेत आणि त्या चाळत बसणारी रिकामी माणसंही तिकडे पुष्कळ आहेत. जीप घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. आपण त्यात एकीची भर घातली तर कुणाच्या लक्षात येणार? कच्च्या मालाचीही चणचण नाही. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीसच्या जीपा जुळवायला घेतल्या आणि पुढे त्यांची सीजे ३ बी कित्येक वर्षं निघत राहिली. अशी एखादी शेतावर कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली असते. मालक कोंबड्यांसकट द्यायला तयार असतो. कोंबड्या परत कराव्यात.

आता अडचणी. महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, सीजे ३ बीला सात. युद्धातल्या जीपचं बॉनेट सपाट आणि बुटकं. सीजे ३ बीचं इंजिन उंच, म्हणून बॉनेट कपाळावर आल्यासारखं. खऱ्या गाडीत पेट्रोल भरायला ड्रायव्हरला उठवून सीटची गादी उचलावी लागते. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर मागे वळून थेट इंजिनवर उजेड पाडतात, म्हणजे रात्री रस्त्यात बंद पडली तर हातात बॅटरी नको. हे सगळं पत्रेवाल्याकडून करून घ्यायचं तर खर्च अफाट. सुदैवाने गरज पडत नाही. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक ‘एफ’ असतो. असे चार बोल्ट मिळवा किंवा ठोकून घ्या, आणि दिसतील न दिसतील अशा बेताने बसवा. भिंग घेऊन आलेला माणूस बारीक गोष्टी शोधायलाच आलेला असतो. पहिला ‘एफ’ सापडला की त्याचा चेहरा असा उजळतो, की फटी मोजण्याचं त्याला सुचतही नाही. चौथा सापडेपर्यंत त्याने चेकबुक काढलेलं असतं. हे मी अनुभवाने सांगतो.

पत्रा, खड्डे बुजवायची लांबी, लष्करी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, हे कुठलाही डेंटर करून देईल. त्यावर शब्द वाया घालवत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात लोहचुंबक असेल तर लांबीच्या बाजूला पोहोचण्याआधीच त्याला चहाला न्यावं.

खरं कसब कागदात आहे. आरसी बुकाचं पहिलं पान नसेल तर पुण्यात त्याचं कारण तयार आहे: पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतलं होतं नव्हतं ते वाहून गेलं. खरे कागद त्या दिवशी गेले, न झालेले कागद तेव्हापासून आजतागायत वाहतच आहेत. फक्त कथेतली गाडी त्या वर्षी नाशिकला होती, असं आधी बोलून बसू नये.

जुनं खरेदीखत लागलंच तर थोडा इतिहास लक्षात ठेवावा. अब्दुल करीम तेलगी याच येरवड्याच्या कारागृहात होता. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रं मिळवून त्याने मुद्रांकांचा कारखानाच काढला होता. त्याची चूक हावरटपणाची. आपल्याला एकच कागद हवा आहे. पण तोही चहात बुडवून पिवळा केला म्हणजे झालं, असं नाही. माझ्या पाहण्यात आलेलं एक ‘१९४८ चं’ खरेदीखत रंगाने झकास होतं, घड्यांवर विरलेलं होतं, कोपऱ्यात वाळवीचं भोकसुद्धा होतं. आत लिहिलं होतं, ‘गाव’, ‘नाव’, ‘काही’. १९४८ चा कारकून ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असं टिंबं देऊन लिहायचा. ती टिंबं १९६२ च्या लेखननियमांनी गेली. एक टिंब न दिल्यामुळे लाखांचा व्यवहार फसावा, ही मराठीच्या मास्तरांनी वर्गात सांगण्यासारखी गोष्ट आहे. (तो व्यवहार फसला नाही. घेणाऱ्याला ते टिंब दोन वर्षांनी दिसलं.)

फोटोचंही तेच. १९४६ सालच्या तपकिरी फोटोत जीपला एमएच १२ ची पाटी नको. ती अक्षरं १९८९ नंतरची. आगाखान पॅलेसच्या कमानी मागे घेऊन ‘१९४३, महाराजांची मेजवानी’ असं लिहिणारा एक कलावंत मला माहीत आहे. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत तिथे गांधीजी कैदेत होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच वारले. त्या अंगणात मेजवानी मांडणाऱ्याने निदान समाध्यांकडे पाठ तरी करून बसायला हवं होतं.

महाराज मात्र हवेतच. कुणा एका महाराजांनी शोरूममध्ये अपमान झाला म्हणून रोल्स विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कधी ती अलवरची असते, कधी आणखी कुणाची. संस्थान बदललं तरी किंमत उतरत नाही.

आणि गिऱ्हाइकाने शेवटी विचारलंच, की यातलं मूळचं काय, तर त्याला लंडनचा खटला सांगावा. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी दोनदा ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे ती एक कोटी पौंडांना ठरली आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी सुटे भाग मोजत बसून निकाल दिला: शर्यतीच्या दिवसाचं लोखंड फारच थोडं उरलंय, पण गाडी मध्ये कधी नाहीशी झाली नाही, बदलत बदलत इथवर आली, म्हणून ती तीच. पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. वाडा पाडून तिथे सात मजले झाले तरी फाटकावर ‘अमुक वाडा’ असतोच, आणि फ्लॅटचा भाव त्यामुळे थोडा चढाच असतो. कोंबड्यांच्या खुराड्याला हा निकाल लागू होत नाही, हे आपण होऊन सांगायचं कारण नाही.

सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षं पुरी झालेली हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, नोंदणीला वीस हजार, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. ही शेवटची अट फार दयाळू आहे. आपण विकलेली गाडी रोज चालणार नाही, याची कायद्यानेच सोय केली.

माझी जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे. बोल्ट चारही अस्सल आहेत. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही. येत्या रविवारी सकाळी एकजण बघायला येतोय; भिंग आणतो म्हणाला. पत्नीने सुचवल्याप्रमाणे ताडपत्री मागूनच उचलणार आहे, पुढची जाळी झाकलेलीच ठेवून.