पाच आखूड भोंगे

समुद्रात बोट हाकायला नियम नसतात, असा गैरसमज मुंबईत पसरला आहे. नियम आहेत. 1972 सालचे, आंतरराष्ट्रीय, आणि बहुधा फार सज्जन माणसांनी केलेले. दोन इंजिनबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळायचं. आडवी येणारी आपल्या उजव्या हाताला दिसली तर वाट आपण द्यायची. उजवीकडे वळताना एक आखूड भोंगा, डावीकडे वळताना दोन. आणि समोरच्याचा बेत कळेनासा झाला तर निदान पाच! ‘आपला विचार तरी काय आहे?’ हे इतक्या अदबीनं हॉर्नमधून विचारणारा माणूस सायन सर्कलला दाखवा, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

अरुंद वाटेत मात्र घोळ आहे. जमिनीवर आपण डावीकडून जायचं, पाण्यात उजवी कड धरायची. आम्ही दोन्हीकडे मधूनच जातो, म्हणजे कुणावर अन्याय नको.

18 डिसेंबर 2024 रोजी इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. 15 माणसं गेली. परवाना 84 प्रवाशांचा, बोटीवर शंभराच्या वर. त्यानंतर गेटवेला जिकडेतिकडे केशरी लाइफ जॅकेटं झळकू लागली. ती काही आकाशातून पडली नसावीत. छपराखाली इतकी नीट बांधून ठेवलेली असत की बुडणाऱ्यानं आधी गाठ सोडायचा अर्ज करावा. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटली होती, मे महिन्यात उजनी धरणात. कायदा मात्र अगदी ताजा हं! अंतर्गत जलवाहतुकीचा 1917 चा कायदा जाऊन 2021 चा आला. एकशे चार वर्षांत नवा कायदा म्हणजे सरकारी घड्याळानं घाईच.

आता जॅकेट सक्तीचं आहे, पण बक्कल लावायची सक्ती कोण करणार? उघडं जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो, हे खलाशी सांगतो तेव्हा ताई विचारतात, “दादा, फोटोपुरतं काढू का?” एक काका ते बुडाखाली घेऊन बसलेले असतात, फळी टोचते म्हणे.

थंडीत सीगल येतात. कुणीतरी गाठ्यांचं पाकीट फोडतं, आणि वरच्या डेकवरची झाडून सगळी मंडळी एका कडेला धावतात. वजन वर, तेही एकाच बाजूला. बोट कलंडायला आणखी काय लागतं? खालून तांडेल ओरडतो, “ओ, दोन्हीकडे बसा, बोट झुकतेय!”

वरून रेलिंगला ओठंगलेला एक जण मान न वळवता सुनावतो, “वरच्या डेकचे जास्तीचे पैसे भरलेत आम्ही.”